कडी मी लावलो

१

‘मी आले... मी आले... मी आलो... मी आले...’

दिवेलागणीला वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतून आलेला तो आवाज. बारीक, कोवळा, दमलेला. रडणं नव्हे, गाणंही नव्हे. रिकामा झोपाळा वाऱ्यानं आपला आपणच करकरत राहावा, तसा एका लयीत पुढं-मागं होणारा.

निशा तेव्हा दहा वर्षांची होती. चौऱ्याण्णव साल, नवरात्राचे दिवस. कोल्हापुरातल्या त्या कन्याशाळेच्या मागच्या बाजूला शिपायाची खोली होती आणि निशाचे वडील धम्मपाल तिथले शिपाई. कोवळ्या चिंचा वेचत वेचत ती सात नंबरच्या खोलीच्या खिडकीखाली आली, आणि तो आवाज ऐकून तिच्या अंगावर सरसरून काटा उभा राहिला. कोण आलंय? कुठून आलंय? शाळा तर कधीच सुटली. ओंजळीतल्या चिंचा तिथंच टाकून ती पळत सुटली, ती आईच्या पाठीला जाऊन चिकटली.

“काय गं? भूत बगितलंस का काय?” मीनाबाईनं विचारलं.

निशा बोलली नाही. थोड्याच वेळात पलीकडच्या तालमीचा लाऊडस्पीकर सुरू झाला, आणि त्या रात्री बाकी कुणाचाच आवाज कुणाला ऐकू आला नाही.

सकाळी त्याच सांडलेल्या चिंचांवर आठवीतली श्रुती पडलेली सापडली. पेठ वडगावची पोर, वक्तृत्व स्पर्धेला निवडलेली. घरच्यांना वाटलं, कोल्हापुरात मावशीकडं राहिली असेल. मावशीला वाटलं, गावी गेली असेल. सात नंबरला बाहेरून कडी होती. खिडकीतून चिंचेची फांदी धरून उतरायला गेली आणि फांदीनं दगा दिला.

त्या आवाजाबद्दल निशानं कधी कुणाला सांगितलं नाही. वडिलांना, आप्पांनासुद्धा नाही.

२

बारा वर्षांनी, दोन हजार सहा साली, शाळेनं सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका छापली, आणि तिच्या छापील पानांचे फर्मे बांधणीसाठी नेमके धम्मपालच्या दारात येऊन पडले. नोकरी गेल्यापासून ते घरी पुस्तकं बांधत. छापखानेवाल्याला जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. त्यानं चांगला हात बघून काम दिलं होतं.

निशानं सहज एक फर्मा उलटला आणि बेचाळिसाव्या पानावर तिची नजर खिळली.

‘१९९४ साली शिपायाच्या निष्काळजीपणामुळे एका गुणी विद्यार्थिनीस प्राणास मुकावे लागले. सदर शिपायाने चिठ्ठी लिहून आपली चूक कबूल केली.’

आप्पा सुईत दोरा ओवत होते. बेचाळिसावं पान त्यांच्या मांडीवरच होतं.

“आप्पा, ह्ये तुमी बांधणार?”

“रविवारच्या आत पाचशे प्रती द्यायच्या हायत्या.”

“पर ती चिठ्ठी तुमची हाय?”

“न्हाय.”

“मग बोला की कुनाला तरी!”

दोरा सुईतून निसटला. आप्पांनी तो पुन्हा ओठांत धरून ओला केला. “मी बोललो तवा कुनी ऐकलं न्हाय, पोरी. आता बोलून काय हुतंय?”

इतकंच. राधानगरीकडच्या धुवाधार पावसातला हा माणूस, एके काळी शाळेच्या फाटकावर उभा राहून पोरींना गाणी म्हणून दाखवायचा. त्या चिठ्ठीनंतर त्यांनी शब्द असे वापरले, जसे काही घरात शेवटचेच उरले होते. निशा बोलीकोशाच्या कामावर होती. टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायची, लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायची. साऱ्या जिल्ह्याचे शब्द तिच्या वहीत होते. बापाचे तेवढे नव्हते.

बुधवार होता. रविवार चार दिवसांवर आला होता. ती उठली आणि शाळेत गेली.

कचेरीत गुंडू लेखनिक बसला होता. चौऱ्याण्णवनंतर लागलेला, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. “धम्मपालची लेक व्हय? फाईल दावतो, पर हितंच बघायची. घरला न्ह्यायची न्हाय.”

फाईल उघडली तसा ओलसर वास आला. आत तीन कागद. पहिला आप्पांच्या हातचा जबाब, वेड्यावाकड्या अक्षरातला: ‘म्या झाडास्नी पानी घातलं. सा वाजता समद्या कड्या लावल्या. सातची कडी आदीच लागल्याली हुती. म्या आत बगितलं न्हाय.’

दुसरा त्याचीच मुख्याध्यापकांनी शुद्ध करून लिहिलेली प्रत: ‘मी झाडांना पाणी घातले. सहा वाजता सर्व कड्या लावल्या. आत पाहिले नाही.’

निशानं दोनदा वाचलं. शुद्ध करताना मधलं एक वाक्य गळालं होतं.

तिसरी ती चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रारपेटीत सापडलेली, बिनसहीची. अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं लडखडतं:

‘कडी मी लावलो, दुसरं कुणी न्हाय. पोरगी आत हाय हे मी विसरलो. काळजाचं पाणी पाणी झालंय. मला क्षमा न्हाय.’

निशानं वही काढली आणि सवयीनं टिंब न टिंब उतरवून घेतलं. खिडकीखाली मधल्या सुट्टीत पोरी फुगडी घालत होत्या. त्यांच्या गाण्याचे शब्द वर आले आणि तिची पेन्सिल थबकली.

‘सात लंबरची खोली, कडी कुणी लावली?
आले आले म्हणताना चिमणी उडून गेली!’

“ह्ये गानं कुठलं?” तिनं विचारलं.

“पोरींचंच. कोन शिकवतंय कुनाला ठावं.” गुंडूनं आवाज उतरवला. “सांजचं त्या खोलीपुढनं जाताना ‘आले’ म्हनायचं न्हाय म्हन्त्यात. म्हटलं की आतनं जाब मिळतो. काय खुळ्या पोरी ह्या!”

हसला खरा, पण जिन्याकडं त्यानं पाहिलं नाही.

फाटकाशी आकाराम पहारेकरी भेटला. गडहिंग्लजकडचा, सीमेवरच्या गावचा. श्रुती पहिल्यांदा त्यालाच दिसली होती.

“मी बघितलो की सकाळी! मीच जाऊन सरांना सांगितलो,” तो म्हणाला.

बघितलो. सांगितलो. निशाच्या कानात काहीतरी टक् करून वाजलं. “आकारामकाका, लिहिता येतं तुम्हांला?”

त्यानं शाईनं निळा झालेला अंगठा वर केला. “पगाराला एवढाच लागतो, तायव्वा.”

३

मराठीच्या संयोगिताबाई वरच्या मजल्यावर स्मरणिकेचं शुद्धिपत्र करत बसल्या होत्या. तीस वर्षं याच शाळेत. पोरीच्या तोंडून ‘मी आलो’ असं निघालं, की बाईंची पट्टी टेबलावर वाजायची. त्यांचं बोलणं ऐकताना नव्या कोऱ्या पुस्तकाचं पान उलटल्यासारखं वाटे; कुठं चुणी नाही, कुठं डाग नाही.

“ये, निशा. तुझ्या वडिलांविषयी मला फार वाईट वाटते. पण मी त्या संध्याकाळी नव्हतेच इथे. चारपर्यंत श्रुतीची तालीम घेतली आणि गावी निघाले. माझी आई गेली त्या रात्री.”

“कुठलं गाव, बाई?”

“इकडेच. दक्षिणेला.”

“श्रुती तालमीनंतर कुठं गेली असेल?”

“मुली रेंगाळतात.” बाई उठून कपाटात कागद ठेवू लागल्या. “ती चिठ्ठी अजून आहे का गं फायलीत?”

“आहे. आज वाचली. बोलीच्या अंगानं नीट बघायची आहे. चिठ्ठी बोलते, बाई. कुठल्या गावची, कुणाची, सगळं सांगते.”

कपाटाचं जड दार बाईंच्या बोटांवर आपटलं.

“अव्वाऽ!”

क्षणभर खोलीत दुसरीच कुणी बाई उभी असल्यासारखं वाटलं. मग संयोगिताबाईंनी बोटं पदरात घट्ट धरली. “आई गं! फारच लागले.”

निशा घरी आली. बाहेर अजून ऊन होतं, तरी तिला गारठल्यासारखं झालं. का, ते तिलाच उमगेना.

गुरुवारी सकाळी गुंडूचा फोन आला. “तू चिठ्ठी नेलीस काय गं? फाईल तशीच हाय, चिठ्ठी तेवढी न्हाय!”

“माझ्यामागं कोण आलतं कचेरीत?”

“तिघंच. आकाराम झाडायला. बाई शुद्धिपत्र द्यायला. आनि हंबीरराव सर, जुनं फोटो बघायला.”

म्हणजे ज्याला त्या चिठ्ठीची भीती वाटत होती, तो माणूस अजून शाळेत चालत-बोलत होता.

४

हंबीरराव तेव्हाचे मुख्याध्यापक. आता निवृत्त. अंगणातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. आवाज मात्र अजून प्रार्थनेच्या मैदानाएवढा.

“चिठ्ठी गेली? मला काय करायची आहे ती! पाठ आहे मला,” ते म्हणाले. “हे बघ, मी अन्याय केला नाही. विचार करून ठरवलं. ‘लावलो’, ‘विसरलो’. म्हणजे लिहिणारा पुरुष. बरोबर? शाळेत पुरुष तिघेच. मी, आकाराम आणि तुझे वडील. मी असलं गावठी लिहीत नाही. आकारामला अक्षर येत नाही. राहिलं कोण?”

“आप्पांच्या जबाबातलं वाक्य तुम्ही गाळलंत, सर. सातची कडी आधीच लागलेली होती.”

“त्याचं लिहिणं निम्मं कळत नव्हतं. मी सारांश काढला.” हंबीररावांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “आणि चिठ्ठी आल्यावर त्या वाक्याला काय अर्थ राहिला?”

एवढ्यात आतून त्यांची सून पिशवी घेऊन बाहेर आली. चपला पायात सरकवत म्हणाली, “मामा, मी जरा भाजी घिऊन येतो हं. मागल्या खेपंला आलो तवा कोथमीर इसरलो बघा.”

“या, या. लवकर या.”

फाटक वाजलं. निशा त्या फाटकाकडं बघतच राहिली.

“सर, आत्ता सूनबाई काय म्हणाल्या?”

“भाजीला जाते म्हणाली.”

“जाते नाही म्हणाल्या. ‘येतो’ म्हणाल्या. ‘आलो’ म्हणाल्या. ‘इसरलो’ म्हणाल्या.”

“मग? आपल्याकडं सगळ्या बायका तसंच—”

हंबीरराव तिथंच थांबले.

“सगळ्याच म्हणतात,” निशा हळू आवाजात म्हणाली. “माझी आई म्हणते, मी म्हणते. जन्मभर आपण कानांनी ऐकतो आणि कुणाला ती बाई पुरुष वाटत नाही. पण तेच कागदावर आलं की आपण पुस्तकाच्या डोळ्यांनी वाचतो. कोल्हापूरची चिठ्ठी तुम्ही पुण्याचं व्याकरण लावून वाचलीत, सर.”

जोतिबाच्या डोंगराकडून येणारा वारा पेपरची पानं उलटत राहिला.

आणि निशाला बारा वर्षांपूर्वीचा आवाज पुन्हा ऐकू आला. मी आले, मी आले, मी आलो, मी आले. आजवर तिला वाटायचं, कुणीतरी येत होतं. कुणीच येत नव्हतं. वडगावची पोर आपल्या मनानं ‘आले’ कशाला म्हणेल? तिला कुणीतरी म्हणायला लावलं होतं. मधेच जीभ घरच्या वाटेला वळत होती, आणि पोर तिला ओढून परत आणत होती.

५

शाळा सुटली होती. सात नंबरची कडी बारा वर्षांनी निघाली होती आणि दार लोटलेलं होतं. निशा आत गेली. फळ्यावर धुळीचा थर, बाकांवर चिंचेची वाळली पानं. खिडकीशी संयोगिताबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“येशील असे वाटलेच होते,” त्या म्हणाल्या.

“चिठ्ठी तुमच्याकडं आहे, बाई.”

“कशावरून?”

निशानं वही उघडली. “माझे आप्पा राधानगरीकडचे. ते ‘म्या कड्या लावल्या’ असं लिहितात. त्यांच्या जबाबात आहे तसं. ‘कडी मी लावलो’ असं ते जन्मात म्हणणार नाहीत. ते बोलणं सीमेवरचं, कानडीला लागून असलेल्या गावांचं. आकारामकाका तसं बोलतात, पण त्यांना लिहिता येत नाही.”

बाई वळल्या नाहीत.

“आप्पा ‘पानी’ लिहितात. चिठ्ठीत ‘पाणी’ आहे. ‘क्षमा’ आहे. आणि ‘लावलो’च्या पुढं स्वल्पविराम आहे, बाई. डावा हात थरथरत असताना, एवढ्या रडारडीत, जागच्या जागी दिलेला स्वल्पविराम! भाषा शिवारातली आणि चिन्हं व्याकरणाच्या तासाची. सीमेवरची बाई, जिला शुद्ध लिहिण्यावाचून लिहिताच येत नाही.” निशानं वही मिटली. “काल बोटं चेमटली तेव्हा तुमच्या तोंडून आधी ‘आई’ नाही, कानडी ‘अव्वा’ आलं.”

खिडकीबाहेर फांदी हलली. जुन्या बिजागरीतून बारीक करकर झाली आणि दोघींनी एकदमच दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

“तुम्ही तिला शंभरदा म्हणायला लावलंत. ‘मी आले.’”

बाई गर्रकन फिरल्या. चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. “हे तुला कुणी सांगितले? हे कुणालाच ठाऊक नाही!”

निशाच्या तळहातांना चिंचांचा आंबूस वास आल्यासारखा झाला, आणि तिनं मुठी मिटल्या.

संयोगिताबाई बाकावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या.

“ती बोलायला लागली की मला माझाच आवाज ऐकू यायचा,” त्या म्हणाल्या. “शाळेत आले त्या वर्षी एका बाईंनी सगळ्यांसमोर माझी नक्कल केली होती. त्या दिवसापासून मी ती भाषा गाडून टाकली. आणि ही पोर ती उकरून वर्गात आणायची. म्हटले, शंभर वेळा म्हण, मगच दार उघडेन. कडी घातली. पाच मिनिटांसाठी. खाली कचेरीत फोन आला... अव्वा शेवटची घटका मोजतीय म्हणून.”

त्यांचं बोलणं हळूहळू घसरू लागलं, उतारावरून पाणी उतरावं तसं.

“तशीच धावले. म्हणजे... धावलो. रातभर अव्वाच्या उशाशी बसलो. अठरा वर्षांनी तिच्या भाषेत तिच्याशी बोललो. पहाटं ती गेली. मातीचं आवरल्यावर गाडीत बसलो तवा श्रुती आठवली. फाटकात आलो तर माणसं. लिहायला बसलो, शुद्ध एक शब्द सुचंना. हात लिहिला ते अव्वाच्या भाषेत लिहिला. उजवा उचलंना, म्हणून डावा. सही घालायला परत येणार होतो. तेवढ्यात सर म्हणाले, ह्ये धम्मपालचं.” बाईंनी डोळे मिटले. “आणि मी गप बसलो. जन्मभर जी भाषा लपवली, तीच मला लपवायला आली.”

“आप्पांची नोकरी गेली. घर गेलं. बोलणं गेलं.”

“ठाऊक आहे.”

“उद्या ते स्वतःच्या हातानं ते पान शिवणार आहेत, बाई.”

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. निशा जिना उतरली तेव्हा मागं पाऊल वाजलं नाही.

६

शनिवारची दुपार. चारशे नव्वद प्रती शिवून झाल्या होत्या. मीनाबाई खळ ढवळत होती, आप्पा पुठ्ठे लावत होते. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती निम्मी जळाली होती. निशानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि तसं धरताना तिचा तिलाच काटा टोचत होता.

दारात सावली पडली. संयोगिताबाई उभ्या होत्या, हातात छापील चिठोऱ्यांचा गठ्ठा.

“शुद्धिपत्र आणले आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक प्रतीत पहिल्या पानाआधी चिकटवायचे आहे.”

आप्पांनी एक चिठोरी उचलून डोळ्यांजवळ धरली. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत राहिले. वरती ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्ध’ असे दोन रकाने. ह्रस्व-दीर्घाच्या चारदोन चुका. आणि शेवटी:

पान ४२. अशुद्ध: ‘शिपायाच्या निष्काळजीपणामुळे.’ शुद्ध: ‘कडी मी लावलो. – संयोगिता.’

आप्पांनी मान वर केली. छापलेलं त्यांना पुरलं नव्हतं.

पुस्तकी वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत येऊन मागं फिरलेलं निशाला दिसलं.

“धम्मपाल,” बाई म्हणाल्या, “कडी मी लावलो. तू न्हाय. मी लावलो, आणि मी गप बसलो.”

मीनाबाईच्या हातातली पळी खळीत बुडाली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आप्पा बोलले, पण ते बाईंशी नव्हे. पुठ्ठ्यांकडं बघत, स्वतःशीच.

“बारा वर्सं एकच डोस्क्यात हाय. कडी लागल्याली दिसली, तरी म्या आत का बगितलं न्हाय? ती पोर आतनं काय म्हनत आसंल? कुनीच कसं ऐकलं न्हाय?”

बाई बोलल्या होत्या. आता घरात न बोललेलं माणूस एकच उरलं होतं.

निशा आप्पांसमोर जाऊन बसली. खळीनं चिकट झालेला त्यांचा हात तिनं हातात घेतला. कोशाची, कचेरीची, कागदावरची भाषा कुठं गेली कोण जाणे. दहा वर्षांच्या पोरीची तेवढी उरली.

“आप्पा, मी हुतो तितं. चिंचंखाली. म्या तिचा आवाज ऐकला. ‘मी आले, मी आले’ म्हनत हुती. म्या आईला सांगितलं न्हाय, तुमाला सांगितलं न्हाय. मला भ्या वाटलं, आप्पा. मी पळून आलो.”